बॅटरीत उरलेला जीव

बॅटरीच्या दुकानात आनंदानं कोणी येत नाही. मोबाइलच्या दुकानात लोक हसत जातात, मिठाईच्या दुकानात तर पोरं आईबापाला ओढत नेतात. आमच्याकडे माणूस येतो तो गाडी ढकलत, घामाघूम होऊन आणि कोणावर ओरडायचं ते रस्त्यातच ठरवून! त्याला आधी पाणी लागतं. मग आपली सगळी हकिकत सांगायची असते. ती सांगून होईपर्यंत तो बॅटरीला हात लावू देत नाही. नंदनवन वस्तीतल्या आमच्या शेडमध्ये मी सेल जोडते, टेस्टिंग करते आणि काउंटरही सांभाळते. त्यामुळे माझ्याकडे बॅटऱ्यांपेक्षा हकिकतीच जास्त साठल्या आहेत.

आम्ही तिघं. दिलीपभाऊ मालक. कमी बोलतात आणि बॅटरीबद्दल बोलतात ते घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलल्यासारखं. गजू आमचा फिल्डवरचा माणूस. तो दोघांच्या वाटचं बोलतो आणि तिघांच्या वाटचं जेवतो. आणि मी वैशाली. माझं तोंड फटकळ म्हणून मला काउंटरवर बसवलंय. ग्राहक माझ्याशी भांडून दमतो आणि दिलीपभाऊंकडे पोचेपर्यंत थंड झालेला असतो.

जवळजवळ सगळ्या हकिकतींचं मूळ एकच. लिथियमच्या पॅकमध्ये एक सर्किट असतं. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या खाली गेलं की ते बॅटरी बंद करून टाकतं. याला लो-व्होल्टेज कटऑफ म्हणतात, आम्ही नुसतं ‘कट’ म्हणतो. त्या मर्यादेखाली ओढलेला सेल आतून खराब होतो आणि मग त्याला चार्जिंगला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून कट लागतो तेव्हा बॅटरीत थोडा जीव मुद्दाम राखलेला असतो.

हे मी कोणालाही एका दमात समजावून सांगते. ऐकणारा मान हलवतो आणि म्हणतो, “पण जीव आहे ना अजून? मग बंद काहून केली?”

*

ई-रिक्षावाला शंकर आमचा पहिल्यापासूनचा ग्राहक. त्याची जुनी गाडी लेड-ॲसिडवर होती. ती बॅटरी संपत आली की गाडी आधी सुस्तावायची, मग रांगायची. माणसाला सावरायला वेळ मिळायचा. लिथियमचं तसं नाही. ती शेवटपर्यंत ताठ चालते आणि एकदम बंद पडते. पॅक बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात शंकर गाडी ढकलत आला.

“मॅडम, ते जुनी आजारी पडून मरे. हे तं आजारी पडतच नाही, थेट मरते!”

मग एक दिवस कट लागला तो चहाच्या टपरीसमोर. शंकरनं वैतागून चहा घेतला आणि सहज चावी फिरवली. गाडी चालू! पुन्हा कधीतरी तसंच झालं, तेही योगायोगानं त्याच टपरीजवळ. तेव्हापासून हा पठ्ठ्या बॅटरी उतरत आली की काहीही करून त्या टपरीपर्यंत गाडी आणायचा. सवारीलाही सांगायचा, “बसा पाच मिनिटं, बॅटरी चहा पिऊन राहिली.”

दिलीपभाऊंनी त्याला समोर बसवून समजावलं. जोराचा करंट ओढला की व्होल्टेज दबतं आणि कट लागतो. भार काढून थोडा वेळ विश्रांती दिली की ते जरा वर येतं आणि थोडं अंतर आणखी जाता येतं. शंकरनं सगळं मन लावून ऐकलं.

“पटलं भाऊ, एकदम पटलं,” तो म्हणाला. “पण चहा त्याच टपरीवरचा पाहिजे!”

*

सुमनताई रामटेके आमच्याकडे आल्या तेव्हा मी काउंटरमागे उठून उभी राहिले. आमच्या आईला त्यांनी ब्लाऊज कापायला शिकवलं होतं. नंदनवनात त्या वेळच्या निम्म्या बायका त्यांच्या शिवण क्लासमध्ये शिकलेल्या. लहानपणी पोलिओनं ताईंचा एक पाय गेला. दुसऱ्या पायानं एवढी वर्षं दोन पायांचं काम केलं आणि आता त्याचाही गुडघा बसला. भाच्यानं त्यांना बॅटरीवरची तीनचाकी घेऊन दिली होती. छोटीच होती, हॅण्डलवाली. तिच्यात लिथियमचा पॅक आम्ही बसवला.

पुढच्या आठवड्यात ताई पुन्हा हजर. “वैशाली, ह्या गाडीनं दीक्षाभूमीले जाऊन परत येता येईन का?”

गजू लगेच म्हणाला, “ताई, त्याच्यात काय आहे? मी सोडतो ना माझ्या गाडीत!”

“तुले कोण विचारलं गा?” ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण रागानं नाही. मग त्या बोलल्या, ते मला जसंच्या तसं आठवतं. “मले लोकांनी खूप नेलं. लहानपणी आईनं कडेवर नेलं, मग भावानं सायकलवर, आता भाचा गाडीवर नेते. सगळे चांगले आहेत, वाईट कोणीच नाही. पण नेणारा माणूस बाजूले उभा राहते ना! झालं का ताई? निघायचं का ताई? मले एकदा असं जायचं आहे का बाजूले कोणी उभं नाही. आपल्या मनानं जायचं, मन भरलं का उठायचं, आपल्या मनानं परत याचं.”

दिलीपभाऊ सोल्डरिंग करता करता थांबले होते. त्यांनी गजूला गाडीवर बसवून ट्रायलला पाठवलं. ताई तिथेच खुर्चीवर बसून वाट पाहत राहिल्या. जाताना गजू झोकात गेला. येताना रेशीमबागेजवळ कट लागला. टपरीचा उपाय करून, थांबत थांबत थोडा पुढे आला, पण घरापर्यंत काही पोचला नाही. शेवटी ढकलत आणली.

“ताईचं वजन कमी आहे ना भाऊ माझ्यापेक्षा,” गजू धापा टाकत म्हणाला. त्याच्यापेक्षा कोणाचंही वजन कमीच आहे, पण त्यानंही रस्ता पुरला नसता. आणि सीटखालच्या डब्यात मोठा पॅक मावत नव्हता.

ताईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. “दिलीप, तो कट खाली घे. मले घरी पोचव, मग बॅटरी खराब झाली तं झाली.”

“नाही जमणार ताई,” दिलीपभाऊ म्हणाले.

“काहून?”

“नाही जमणार.”

मला राग आला दिलीपभाऊंचा. एक म्हातारी बाई आयुष्यात एकदा काही मागते आहे, तर हा माणूस धड कारणही सांगत नाही! ताई मात्र रागावल्या नाहीत. “बरं. मी येत राहीन,” एवढं म्हणून गेल्या. आणि खरंच येत राहिल्या. दुपारची चहाची वेळ त्यांनी आमच्याकडे लावून घेतली. कट खाली घेतला का, हा प्रश्न त्या रोज विचारायच्या, ‘जेवण झालं का’ विचारावं तितक्या सहज.

*

त्याच दिवसांत बग्गीचा प्रकार घडला. हल्ली लग्नात घोड्याऐवजी बॅटरीवर चालणारी बग्गी मिळते. फुलं, लाइटच्या माळा, मागे स्पीकर, सगळं. भाड्यानं देणाऱ्यानं तो सगळा पसारा गाडीच्याच, म्हणजे आमच्या पॅकवर जोडलेला. मंगल कार्यालय समोर दिसायला लागलं आणि कट लागला. लाइट गेले, गाणं गेलं, बग्गी जागच्या जागी. बॅण्डवाले मात्र वाजवतच राहिले आणि पोरं आणखी जोरात नाचायला लागली. त्यांना वाटलं, नवरदेवानं मुद्दाम थांबवली.

गजू पोचला तेव्हा नवरदेवाचा मामा चिडून लाल झाला होता. “एवढी मोठी बॅटरी अशी कशी संपली?”

“संपली नाही हो मामाजी,” गजू नम्रपणे म्हणाला. “तिनं थोडी आपल्यासाठी राखून ठेवली. आता कितीही मागा, देणार नाही.”

वरून नवरदेव फेटा सावरत खाली वाकला. “दादा, हे कसं जमते ते मले पण सांगा ना! आजच सांगा!”

सुमनताईंना हे सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसत म्हणाल्या, “हुशार आहे पोरगा. आता सांग दिलीप, माझ्या गाडीचं काय?”

*

देशपांडे काका आमच्या लाइनीत राहतात. सरकारी हिशेब खात्यातून रिटायर झालेले आणि स्वभावानं अजून खात्यातच असलेले. त्यांच्या घरी इन्व्हर्टरला आम्ही पॅक दिला. काकांचा आमच्या सर्किटवर विश्वास नव्हता. यंत्रावर माणसानं नजर ठेवली पाहिजे म्हणून त्यांनी एक छोटा व्होल्टमीटर आणला आणि स्वतःच्या हातानं थेट बॅटरीवर जोडला. कटच्या अलीकडे! म्हणजे सगळं बंद झालं तरी तो लाल आकडा चालूच.

मग काका-काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. इन्व्हर्टर बंद करून, गॅस बंद करून, खिडक्या दोनदा तपासून. परत आले तर बॅटरी ठार. मीटरसुद्धा विझलेला.

“घरात कोणी नव्हतं हो,” काका हैराण झाले होते. “एक दिवासुद्धा लागला नाही. मग खाल्ली कोणी?”

दिलीपभाऊंनी मीटरची वायर बोटावर धरून दाखवली. “काका, यानं. रोज थोडी थोडी. तुम्ही बसवलेल्या पहारेकऱ्यानं.”

काकांनी तो मीटर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग एकदम शांतपणे म्हणाले, “आमच्या सोसायटीतही हेच चाललंय.”

नंतर त्यांनी आशेनं विचारलं, जरा चार्जिंगला लावून बघता का, उठेलही कदाचित. दिलीपभाऊ नाही म्हणाले. काकांनी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. सुमनताई खुर्चीवरून हे पाहत होत्या. काका गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “हा असा भितो काहून वं?”

मग मी त्यांना चार्जिंगच्या टेबलावरचा काळा डाग दाखवला.

*

तो डाग पडला त्या दिवशी मी दुकानात होते. एका माणसानं दुसरीकडून कट काढून घेतला होता. सर्किटला वळसा घालून एक तार टाकली की झालं, दोन मिनिटांचं काम. महिनाभर तो खूश. पाहा, माझी गाडी तुमच्यापेक्षा जास्त पळते! मग ती पळेनाशी झाली तेव्हा पॅक आमच्याकडे घेऊन आला. तार कुठे दिसली नाही, आम्हीही खोलून पाहिलं नाही. गजूनं चार्जिंगला लावला.

जेवणाचे डबे उघडले होते. मला आधी वास आला, गोडसर, नेलपॉलिशसारखा. पाहिलं तर पॅकची एक बाजू फुगत चाललेली आणि खालचं टेबल काळं पडत चाललेलं. दिलीपभाऊ ओरडले, “बाहेर व्हा!” आणि स्वतः आत गेले. चार्जर ओढून काढला, खालचा पत्रा धरून पॅक ढकलत बाहेर आणला आणि शेजारी घराचं बांधकाम चालू होतं तिथल्या रेतीच्या ढिगावर टाकला. गजूनं फावड्यानं वर रेती लोटली. आतून भस्सकन धूर आला, मग सूं सूं आवाज येत राहिला. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे. दिलीपभाऊ ढिगाकडे नाही, वरच्या खिडकीकडे पाहत होते. शेडच्या वरच्या खोलीत त्यांच्या दोन्ही पोरी झोपलेल्या होत्या, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी.

संध्याकाळी तो माणूस आला. “झाली का माझी बॅटरी?”

गजूनं त्याला बाहेर नेऊन रेतीचा ढीग दाखवला, काय झालं ते सांगितलं. माणसानं ढिगाभोवती एक चक्कर मारली.

“बरं,” मग तो म्हणाला. “पण त्याच्यावर माझं नवीन कव्हर होतं. ते निघन का?”

हे सांगताना मी नेहमी हसते. त्या दिवशी ताई हसल्या नाहीत. टेबलाच्या डागावरून त्यांनी बोट फिरवलं, चहा संपवला आणि दिलीपभाऊंना म्हणाल्या, “हे आधी सांगाचं ना गा. मी उगाच तुले रोज छळून राहिली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा पिऊन जायच्या. त्या विचारत होत्या तेव्हा मला कटकट वाटायची आणि विचारेनाशा झाल्या तर दुकान सुनं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं, आणि दिलीपभाऊंकडे पाहिलं की कळायचं, त्यांना माझ्याहून जास्त.

*

पारशिवनीकडून तुळशीराम आले ते असेच एका दुपारी, ताईंचा चहा चालू असताना. जंगलाच्या कडेला त्यांचं शेत. रानडुकरं येतात म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेलं. तारेला अंग लागलं की सणसणीत झटका, जनावर पळून जातं, मरत नाही. मशीन आमच्या बॅटरीवर, बॅटरी सोलर पॅनलवर. ढगाळ दिवस होते, बॅटरी पुरी भरली नव्हती. पहाटेआधी कट लागला आणि डुकरं आत.

तुळशीरामभाऊ अजिबात ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी सांभाळून घेतलं असतं. ते बाकावर बसले, पाणी प्यायले आणि विचारायला लागले. “भाऊ, बॅटरीत जीव होता?”

“होता,” दिलीपभाऊ म्हणाले.

“किती? सकाळपर्यंत पुरला असता?”

“कदाचित पुरला असता.”

“म्हणजे तुमच्या मशीननं बॅटरी वाचवली.”

“हो.”

“मग माझी तूर कोण वाचवन?”

एवढी वर्षं कटबद्दल आम्ही लोकांना जे समजावत आलो, त्यात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. सुमनताईंनी कप खाली ठेवला.

“दिलीप,” त्या म्हणाल्या, “मी पोरींले ब्लाऊज शिकवताना आत मार्जिन सोडाले लावत होती. अर्धा-पाऊण इंच कपडा आत दाबून ठेवाचा. पोरी म्हणत, ताई, कपडा वाया जाते. मी म्हणे, वाया नाही जात, राहू दे. पण ते मार्जिन काहाले असते सांग? कापडाची इज्जत राखाले? माणूस जाड झाला का उसवाले! राखून ठेवाचं ते ठेव. तुझी भीती खरी आहे, मी डाग पाहिला. पण उसवाची जागा कुठी आहे तुझ्या बॅटरीत?”

दिलीपभाऊंनी उठून मागचं कपाट उघडलं. तुळशीरामभाऊंना त्यांनी नवा पॅक तर दिलाच, पण त्याच्यावर एक भोंगाही बसवून दिला. कट लागायच्या बऱ्याच आधी तो वाजतो. पुढे तुळशीरामभाऊ सहज भेटायला आले तेव्हा मी विचारलं, भोंग्याचा उपयोग होतो ना?

“होते ना मॅडम. आता बॅटरी झोपते आणि मी जागतो!”

*

ताईंच्या गाडीसाठी दिलीपभाऊंनी आणखी डोकं चालवलं. जुन्या स्कूटरला पेट्रोलची रिझर्व्ह असायची ना, तसं. खरा कट जिथे होता तिथेच ठेवला, त्याला हात लावला नाही. त्याच्या वर, आधीच लागेल असा एक दुसरा कट बसवला. तो लागला की गाडी थांबणार. मग हॅण्डलजवळचं लाल बटन दाबायचं. गाडी पुन्हा चालू, पण माणसाच्या चालीनं, त्याहून जोरात नाहीच. हळू मागितलं की करंट कमी लागतो, व्होल्टेज दबत नाही आणि बॅटरी उरलंसुरलं काढून देते. घाईनं मागितलं तर तेवढंच असूनही देत नाही.

ट्रायलला पुन्हा गजू. या वेळी तो खूप उशिरा आला, पण ढकलत नाही, बसून आला. तोंड मात्र उतरलेलं.

“भाऊ, गाडी घरापर्यंत आली, त्याच्यात वाद नाही. पण आता मले कोणत्या तोंडानं चौकात फिरायचं? एक आजोबा काठी टेकत माझ्या बाजूनं पुढे गेले! वरून थांबून विचारते, पोरा, धक्का देऊ का?”

ताईंनी बटन दोनदा दाबून पाहिलं. मग त्यांनी आमच्या तिघांकडून कबूल करून घेतलं, कोणी मागे यायचं नाही. लपून नाही, छपून नाही, ‘सहज तिकडं काम होतं’ म्हणूनही नाही. हे शेवटचं त्या गजूकडे पाहून म्हणाल्या.

*

ताई गेल्या त्या दिवशी दुकानात काही काम झालं नाही. सण नव्हता, सुट्टी नव्हती, गर्दी नसेल असा साधा दिवस त्यांनी निवडला होता. सकाळी पांढरी साडी, पाण्याची बाटली, पायाशी पिशवी. “येतो,” म्हणाल्या, आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या.

गजू दर थोड्या वेळानं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. “सहज,” म्हणायचा. दिलीपभाऊंनी एकाच पॅकचं व्होल्टेज इतक्यांदा तपासलं की मी मीटर काढून घेतला. शंकर सवारी सोडून जाताना थांबला आणि म्हणाला, ताईला त्या टपरीचं सांगितलं होतं ना? दुपार झाली. परत यायची आमच्या हिशेबाची वेळ टळून गेली. डबे उघडलेच नाहीत. माझ्या मनात नको नको ते येत होतं. पुलाच्या चढावर बंद पडली असेल, मागून ट्रक, बटन दाबायचं विसरल्या, फोन पर्समध्ये आणि पर्स पिशवीत. फोन लावायचा नाही असंही कबूल केलं होतं आम्ही! त्या क्षणी मला लाल बटनाचाही राग आला आणि मार्जिनचाही.

आणि फोन वाजला. ताईच.

“वैशाली, गाडी बंद पडली वं.”

मी फोन स्पीकरवर टाकला. “ताई, घाबरू नका! लाल बटन दाबा, हॅण्डलजवळ!”

“ते तं कवाचंच दाबलं. आता खराच कट लागला.”

“कुठं आहात? रेशीमबाग? मेडिकल चौक?”

“नाही वं. अंबाझरीले आहो.”

दीक्षाभूमीहून नंदनवन एका बाजूला. अंबाझरीचा तलाव बरोबर दुसऱ्या बाजूला.

“अंबाझरी?” गजू किंचाळला. “ताई, रस्ता चुकल्या का?”

“चुकली नाही. तिकडं मनासारखं झालं माझं. खूप वेळ बसली. उठली तं वाटलं, इकडं पण पाहावं. एवढे वर्ष ह्या गावात राहिली, दवाखान्यात नेलं, लग्नाले नेलं, मयतीले नेलं. पाणी पाहाले कोणी नेलं नाही. पहिला कट लागला तो तलावाच्या अलीकडंच. मग बटन दाबलं आणि हळूहळू काठाकाठानं आली. लय पाणी आहे वं!”

फोनमधून वारा ऐकू येत होता. लांब कुठेतरी पोरं ओरडत होती.

दिलीपभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांचा आवाज जरा चढला होता, मी कधी ऐकला नव्हता तसा. “ताई, ते बटन घरी यायसाठी दिलं होतं ना तुम्हाला!”

“घरी तं आपण रोजच राहतो गा,” सुमनताई म्हणाल्या. “गजूले पाठव. आणि त्याले सांग, अजिबात घाई करू नको म्हणा.”